ट्रक ड्रायव्हरीत समाधान आहे का? पुतण्या हट्टाला पेटलाय, अनुभवी लोकांनी सांगा

राजेंद्रनगर_वहिनी

नमस्कार मंडळी, विषय घरचा आहे पण इथे इंदूरची बरीच माणसं आहेत म्हणून विचारतेय. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा बी.कॉम. झाला, पिथमपूरला एका ऑफिसात लागला, आम्हाला वाटलं सगळं मार्गी लागलं, आणि यंदा गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा त्याने सांगून टाकलं की मला हेवी लायसन काढायचंय, ट्रकवर जायचंय. व्यसन नाही, वाईट संगत नाही, रागाच्या भरातही बोलला नाही. दीर तेव्हापासून गप्प आहेत, जाऊबाई म्हणतात एवढं शिकून ड्रायव्हर होणार तर मुलगी कोण देणार. मला लग्नाची काळजी नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की हे काम वर्षानुवर्षं करून माणूस आतून खूश राहतो का, की सुरुवातीला फिरायची मजा आणि नंतर नुसती ओढाताण. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांच्या घरात कोणी या लाइनीत आहे त्यांनी लिहा, कडू असलं तरी चालेल.

लोकमान्यनगर_गल्ली

वहिनी, माझं मत विचाराल तर ट्रक नको. बँकेची तयारी करू दे, एमपीपीएससीला बसू दे. रस्त्यावरचं आयुष्य बाहेरून छान दिसतं. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाईफ फाउंडेशनने २०२० मध्ये ट्रक ड्रायव्हरांचा मोठा सर्व्हे केला होता, त्यात बहुतेक ड्रायव्हर म्हणाले की आमच्या नात्यातल्या कोणाला आम्ही या धंद्यात या म्हणून सांगणार नाही. जे करतायत तेच असं म्हणत असतील तर अजून काय विचारायचं.

दस_चक्का

वहिनी नमस्कार. मी मिल एरियातला, नंदानगरचा. वडील हुकमचंद मिलमध्ये होते, मिल १९९१ ला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोपर्यंत त्यांच्यातले किती जण गेले होते ते मिल एरियात कोणालाही विचारा. हे अशासाठी सांगतोय की आमच्या घरात पक्की नोकरी म्हणजे काय ते आम्ही बघितलंय. मिल गेली तेव्हा आमच्या गल्लीतली बरीच पोरं गाड्यांवर चढली, मी पण त्यातलाच, आधी क्लीनर मग ड्रायव्हर, आणि अजूनही मुंबई लाइनला आहे.

समाधान आहे का विचारता तर सांगतो कुठे आहे. इंदूरहून न्हावाशेवा म्हणजे सहाशे किलोमीटरच्या आसपास. मानपूर सोडलं की उतार सुरू होतो, पुढे गणपती घाट, नर्मदा ओलांडली की सपाट, मग सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट, तो उतरलात की महाराष्ट्र. मागे वीस-पंचवीस टन माल आहे आणि तुम्हाला ती गाडी खाली न्यायचीये. नवीन पोरगा काय करतो, ब्रेकवर पाय ठेवून बसतो. मग ड्रम तापतात, लायनर तापले की त्यांची पकड जाते, घाबरून परत परत पेडल मारलं की ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते, आणि मग गाडी तुमची राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे. गणपती घाटात जेवढे अपघात व्हायचे त्यात ब्रेक फेल हाच शब्द पेपरात असायचा, पण ब्रेक आपोआप फेल होत नाही हो, वरूनच चुकीच्या गियरमध्ये गाडी सोडलेली असते. २०२४ च्या शेवटी तिथे कमी उताराचा नवा रस्ता सुरू झाला ते फार बरं झालं. आमच्या उस्तादांनी शिकवलेलं की ज्या गियरमध्ये चढशील त्याच गियरमध्ये उतर, उतार सुरू व्हायच्या आधी गियर टाक, इंजिनाला गाडी धरू दे आणि ब्रेक शेवटच्या कामासाठी शिल्लक ठेव. रात्री बाराला पाऊस पडत असताना मी भरलेली गाडी घेऊन बिजासन उतरतो, खाली आल्यावर ड्रमला हात जवळ नेऊन बघतो, फार तापलेला नसतो, तेव्हा जे वाटतं ते समाधान मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. कोणी टाळ्या वाजवत नाही, मालकाला कळत पण नाही. मला कळतं.

आता कडू ऐका. गाडी चालते तोपर्यंत ही लाइन चांगली आहे. गाडी उभी राहिली की माणूस खचतो. फॅक्टरीच्या गेटवर नंबर लागत नाही म्हणून उभे, पोर्टच्या बाहेर लाइनीत उभे, माल खाली करायला हमाल नाहीत म्हणून उभे, परतीचा लोड नाही म्हणून उभे. मला ट्रिपवर पैसे मिळतात, उभं राहण्याचे काही नाही. दोन दिवस गाडी उभी म्हणजे दोन दिवस खुराकी, म्हणजे जेवणखाण, खिशातून, झोप केबिनमध्ये, आणि गेटवरचा पोरगा तुम्हाला अरे-तुरे करतो, पाणी मागितलं तर बाहेरची टपरी दाखवतो. वीस ते तीस हजार महिन्याला सुटतात असं आमच्या लाइनीत सर्रास ऐकाल, पण ते गाडी फिरली तर. पुतण्याला रस्त्याची भीती घालू नका, रस्ता शिकता येतो. त्याला हे उभं राहणं सहन होईल का ते विचारा.

राजेंद्रनगर_वहिनी

दादा किती मनापासून लिहिलंत. घाटाचं वाचून पोटात गोळा आला पण तुमचं म्हणणं समजलं. एक विचारू का, आज परत विशीतले असतात तर हेच निवडलं असतं?

दस_चक्का

हो. पण मालक बघून.

सुदामानगर_ताई

दादांचं सगळं पटलं पण मी दुसऱ्या बाजूने लिहिते कारण आमचे हे लांबच्या रूटवर होते, इंदूर-चेन्नई, इंदूर-कोलकाता असे. समाधान त्यांचं की घराचं हा पण प्रश्न आहे ना. पाडव्याला गुढी मी एकटीने उभारलीये, मुलाचा ताप, शाळेची मीटिंग, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सगळं एकटीने, आणि हे नागपूरच्या पुढे कुठेतरी टायर फुटून बसलेले. फोन लागला नाही की मी रात्रभर बातम्यांचे चॅनल बघत बसायचे आणि कुठे ट्रकचा अपघात दाखवला की गाडीचा नंबर शोधायचे. तब्येत वेगळी. ढाब्याचं तेल, तास न् तास बसून राहणं, लघवी धरून ठेवणं, चाळिशीच्या आत बीपी आणि पाठीचं दुखणं दोन्ही चिकटलं. डॉक्टर म्हणाले वेळेवर जेवा, वेळेवर झोपा. ते कोणाच्या हातात असतं?

मग आम्ही दोघांनी ठरवलं आणि त्यांनी रूट बदलला, आता दुधाचा टँकर चालवतात, पैसे कमी झाले पण रोज रात्री घरी. तेच गाडी चालवणं, तीच आवड, आणि आता माणूस हसतो. त्यामुळे काकू, ट्रक की ट्रक नाही असं नका बघू, कोणता ट्रक आणि किती लांब ते बघा. जाऊबाईंना एक सांगा, स्थळाचं टेन्शन खरं आहे, आमच्या वेळी माझ्या माहेरी पण बोलणी मोडायला आली होती, पण माझ्या संसारात मला नवऱ्याच्या कामाची लाज कधी वाटली नाही आणि मुलगा शाळेत बाबांच्या गाडीचं चित्र काढून नेतो.

पिथमपूर_डिस्पॅच

मी गेटच्या आतला माणूस आहे म्हणून लिहिणं भाग आहे. दस चक्का दादा जे उभं राहण्याचं म्हणतायत ते शंभर टक्के खरं आणि त्याचं कारण कोणी मुद्दाम छळतं असं नसतं, कारण असं असतं की ड्रायव्हरचा वेळ कोणाच्याच हिशोबात नसतो. माल तयार नसला तरी गाडी आधीच बोलावून ठेवतात कारण गाडी उभी ठेवण्याचा कंपनीला खर्च नाही, पण माल तयार असून गाडी नसली तर वरून फोन येतो. मग लोडिंगवाल्यांची शिफ्ट बदलते, क्वालिटीचा शिक्का राहतो, काट्यावर वजनात फरक येतो, ई-वे बिलात, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, गाडी नंबर चुकतो. ई-वे बिलाला पण मुदत असते, साधारण २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशोब, बिल आधी काढून गाडी उशिरा सोडली तर मुदतीची घाई परत ड्रायव्हरच्याच डोक्यावर. तोच उशीर तो मग रात्री झोप मारून भरून काढतो आणि आपण म्हणतो ट्रकवाले बेदरकार चालवतात.

मी आधी ज्या प्लांटला होतो तिथे ड्रायव्हरांना आतलं टॉयलेट वापरू देत नव्हते, सिक्युरिटीचं कारण सांगायचे. आता जिथे आहे तिथे गेटला लागून खोली बांधलीये, पंखे, बाथरूम, पाण्याचा कूलर, आणि लोडिंगची वेळ आदल्या दिवशी फोनवर ठरवून देतो. मोठा खर्च नाही झाला. ड्रायव्हर आमच्याकडचा लोड आनंदाने उचलतात, ट्रान्सपोर्टरला गाडीसाठी पाच फोन करावे लागत नाहीत.

लोकमान्यनगर_गल्ली

ताई आणि डिस्पॅचवाले, तुमचं वाचून उलट माझंच मत पक्कं झालं. ज्या कामात बाथरूमला जायची सोय असणं ही कौतुकाची गोष्ट आहे त्याला करिअर म्हणायचं का? मी ड्रायव्हरांना कमी लेखत नाहीये, पोराच्या काळजीने बोलतोय.

कायद्याचं_बोलूया

कागदावर परिस्थिती एवढी वाईट नाही. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट १९६१ चा होता, २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांबच्या रूटला जास्तीत जास्त १० आणि ५४ असे होते. सलग ५ तासांच्या आत अर्धा तास विश्रांती हवीच होती. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असणाऱ्या ठिकाणी लागू व्हायचा आणि आपल्याकडे बहुतेक मालकांकडे दोन-चार गाड्या, ड्रायव्हर कागदोपत्री कोणाचाच नाही, हजेरी नाही, पीएफ नाही. त्यामुळे पुतण्याला सांगा की नेमणुकीचं पत्र आणि पीएफ देणाऱ्याकडेच लागायचं.

काही गोष्टी सुधारल्यात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. जीएसटी आल्यावर सीमेवरचे सेल्स टॅक्सचे नाके गेले, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून परिवहनचे चेकपोस्ट बंद केले. उभं राहणं यात तरी कमी झालं. आणि नव्या न्यायसंहितेतलं हिट अँड रनचं १०६(२) कलम, ज्याच्यात अपघात करून न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती, त्यावर २०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हरांनी चक्का जाम केला, इंदूरला पंपांवर कशा लाइनी लागल्या होत्या आठवत असेल. बाकीची संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. ड्रायव्हर एकत्र आले तर ऐकावं लागतं हे त्या दोन दिवसांत सगळ्यांनी बघितलं.

दस_चक्का

एसीबद्दल एक. नव्या गाड्यांना आहे, आम्ही ज्या चालवतो त्या जुन्या, त्यांना नाही. मे महिन्यात दुपारी धुळ्याच्या पुढे केबिनमध्ये बसून बघा, इंजिनाची गरमी खालून आणि ऊन समोरून. पण नवीन पोरांना एसी मिळणार याचा मला आनंदच आहे. गारव्यात माणूस जास्त जागा राहतो. त्या जानेवारीत आम्ही गाड्या लावल्या त्याचं पण लोकांना कळलं नाही, म्हणाले ड्रायव्हरांना पळून जायची सूट हवी. कोणाला पळायचं नसतं हो. रस्त्यावर माणूस पडला की जमाव आधी ड्रायव्हरला ओढून काढतो, चूक कोणाची ते कोण विचारतं? थांबला तर मार खातो, निघाला तर जेल, मग त्याने करायचं काय? जवळच्या ठाण्यात जाऊन हजर होणाऱ्याला संरक्षण आहे हे आधी गावोगाव सांगा.

ट्रान्सपोर्टनगर_वाले

इतका वेळ वाचत होतो. माझ्या पाच-सहा गाड्या आहेत, देवास नाक्याला ऑफिस. मालकांना सगळे बोलतात म्हणून आमची पण बाजू. भाडं पार्टी, म्हणजे माल पाठवणारी कंपनी, ठरवते, डिझेल पंपवाला रोख मागतो, टोल फास्टॅगमधून लगेच कापला जातो आणि आमचं बिल पास व्हायला दीड-दोन महिने लागतात. डिटेंशन, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मागितलं तर पार्टी दुसऱ्याकडे जाते. ड्रायव्हर मिळत नाहीत, मिळाला तर अ‍ॅडव्हान्स घेऊन दुसऱ्या गाडीवर जातो. पण एक कबूल करीन, चांगला ड्रायव्हर मिळाला तर तो सोन्यासारखा. त्याच रूटवर, त्याच गाडीवर एकाचा अ‍ॅव्हरेज आणि दुसऱ्याचा अ‍ॅव्हरेज यात इतका फरक पडतो की महिन्याला एक टायर निघेल. माझ्याकडे एक जण आहे, माल बांधताना ताडपत्रीचे दोर स्वतः तपासतो, क्लीनरवर सोडत नाही. पावसाळ्यात त्याच्या गाडीतली सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, कधी भिजलेली नाही. तुमचा पुतण्या बी.कॉम. असेल तर माझ्या कामाचा माणूस आहे, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, वाचू शकणारा, हिशोब लिहिणारा ड्रायव्हर सापडतो कुठे.

दस_चक्का

शेठ, तुमच्या अडचणी खऱ्या. पण तुम्ही पार्टीकडून मागू शकत नाही म्हणून तो पैसा शेवटी ड्रायव्हरच्या पोटातून निघतो ना. तुम्ही निदान गाडी उभी राहिली की दुसऱ्या दिवसापासून खुराकी तरी द्या. अ‍ॅडव्हान्स घेऊन पळतात म्हणता, पळणारा का पळतो ते पण बघा, माल कमी भरला म्हणून त्याच्या हिशोबातून कापलेलं असतं, जो माल त्याने मोजलेला पण नसतो, सील तर फॅक्टरीत लागतं.

ट्रान्सपोर्टनगर_वाले

खुराकी मी देतो, उभ्या गाडीला पण. सीलबंद मालाची घट ड्रायव्हरवर टाकू नये हे मान्य.

ब्रॅम्प्टनचा_इंदूरी

इकडचं सांगतो कारण बरेच जण म्हणतील तिकडे जाऊन चालव. मी कॅनडात ऑन्टॅरियोला ट्रक चालवतो, मूळचा रामबागचा. इथे २०१७ पासून ए क्लास लायसनच्या टेस्टआधी कमीत कमी १०३.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे. दिवसाला १३ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, १४ तासांच्या वर ड्युटी नाही, आणि ते इंजिनाला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये आपोआप लिहिलं जातं, म्हणजे मालक म्हणाला तरी मी चालवू शकत नाही. झोप पूर्ण होते, हा फरक फार मोठा आहे. लोक ड्रायव्हरला ड्रायव्हर म्हणूनच बघतात, खाली बघत नाहीत. पण वेअरहाऊसच्या डॉकवर इथे पण तास न् तास उभं राहावं लागतं, मैलावर पैसे असतील तर उभं राहण्याचे पैसे इथे पण भांडून घ्यावे लागतात. आणि हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार, आठशे किलोमीटर बर्फ, केबिनमध्ये मी एकटा. तिकडे निदान ढाब्यावर चार जण भेटतात, क्लीनर असतो बोलायला. एजंटला लाखो रुपये देऊन फसलेली पोरं मी इथे बघितलीत, त्यामुळे आधी तिकडेच दोन-तीन वर्षं नीट चालवून बघू दे.

सुदामानगर_ताई

शिक्षणाचा विषय निघालाय तर भोपाळच्या योगिता रघुवंशी, मूळच्या आपल्या नंदुरबारच्या. वकिलीची पदवी आहे, नवरा अपघातात गेला, दोन मुलं पदरात, आणि त्या ट्रक चालवायला लागल्या. थेट केरळपर्यंत माल घेऊन जायच्या. जाऊबाईंना त्यांच्याबद्दल वाचायला द्या. पदवी वाया गेली असं त्यांच्याकडे बघून कोणी म्हणणार नाही.

पिथमपूर_डिस्पॅच

अजून एक पर्याय, रिले. रिविगो म्हणून कंपनी होती, तिने हे मोठ्या प्रमाणात केलं होतं, एका ड्रायव्हरने चार-पाच तास गाडी न्यायची, पिट स्टॉपवर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि तिथून उलट दिशेची गाडी घेऊन आपल्या घराकडे परत. गाडी थांबत नाही आणि ड्रायव्हर रात्री घरी. पुढे २०२२ मध्ये तिचा एक्सप्रेसचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. विचार पटण्यासारखा आहे, अशा पद्धतीने गाड्या चालवणारी जी कंपनी असेल तिथे पुतण्याने आधी चौकशी करावी.

नवीन_सदस्य_माळवा

नमस्कार, मी तोच पुतण्या. काकूंनी धागा वाचायला दिला. सगळ्यांचे आभार. मी काय काम करतो ते काकूंना नीट माहीत नाही. मी ई-वे बिलं काढतो. रोज सकाळपासून गाडी नंबर टाकतो, इंदूर ते हैदराबाद, इंदूर ते गुवाहाटी, किलोमीटर टाकतो, बिल निघतं, आणि ती गाडी मी कधी बघत पण नाही. मागच्या पावसाळ्यात एका गाडीच्या बिलाची मुदत संपत होती आणि ड्रायव्हर पूर आलेल्या नाल्याच्या अलीकडे अडकलेला, मी फोनवर त्याच्याशी बोलत मुदत वाढवून देत होतो. तो एवढ्या शांतपणे बोलत होता की पाणी उतरेल तेव्हा निघतो साहेब, माल सुखरूप आहे, तुम्ही जेवून घ्या. मला त्या माणसासारखं व्हायचंय. वेळेचं म्हणाल तर मी आताही नऊ तास एका खुर्चीत उभ्या गाडीसारखाच असतो.

दस चक्का काका, मला शिकवाल का? आणि आईला काय सांगू?

दस_चक्का

बाळा, शिकवीन. पण घाई करायची नाही आणि नोकरी लगेच सोडायची नाही. तुझं कारचं लायसन आहे का? हेवीचं लर्निंग काढायला लाइट मोटरचं लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं आणि वय २० पूर्ण लागतं, ते तुझं झालंच असेल. डॉक्टरचा मेडिकल फॉर्म लागतो, त्याआधी डोळे खरंच तपासून घे, नुसता सही-शिक्का नको, रात्री समोरच्या लाइटने त्रास होतो का तेही डॉक्टरला सांग. ट्रेनिंग चांगल्या ठिकाणी घे, छिंदवाड्याला अशोक लेलँडची ड्रायव्हर ट्रेनिंगची संस्था आहे, तिथे चौकशी कर.

मग माझ्याबरोबर चल, एक पूर्ण फेरी, जायची आणि यायची. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडी लागायला उभा राहशील, माझ्याबरोबर केबिनमध्ये झोपशील, ताडपत्री बांधशील, काट्यावर जाशील, घाटात मी गियर कुठे बदलतो ते कानाने ऐकशील. आणि गेटबाहेर जेव्हा कधी नंबर लागायचा तेव्हा लागेल, तोपर्यंत माझ्याबरोबर बसशील. परत आल्यावर पण वाटलं तर पुढचं बोलू. सुरुवात इंदूर-भोपाळ, इंदूर-धुळे अशी करायची, लांबची लाइन पहिल्या वर्षी अजिबात नाही. कोणी कितीही म्हणालं तरी झोप आली की गाडी बाजूला लावायची, जो मालक त्यावर ओरडेल त्याची किल्ली त्याच दिवशी परत द्यायची. गोळ्या खाऊन जागणारे भेटतील, त्यांच्या गाडीत बसायचं नाही.

आईला तू काही सांगू नकोस. रविवारी माझी गाडी ट्रान्सपोर्ट नगरला ग्रीसिंगला उभी असते. आई-बाबांना घेऊन ये, वहिनी तुम्ही पण या. आईंना केबिनमध्ये बसवतो, मुलगा कुठे झोपणार, कुठे जेवणार ते त्यांना बघू दे, आणि त्यांना जे विचारायचंय ते मलाच विचारू दे.

राजेंद्रनगर_वहिनी

येतो दादा. जाऊबाईंना वाचून दाखवलं, काही बोलल्या नाहीत, पण विचारलं की गाडीत चढायला पायरी किती उंच असते, गुडघे दुखतात त्यांचे.

दस_चक्का

उंच असते. स्टूल आणतो.